चिंतातुर जंतूंची बाजू

देवासच्या आमच्या घरात आजीला सगळे ‘चिंतातुर जंतू’ म्हणत. पावसाळ्यात ती पागोळ्यांखाली घरातली झाडून सगळी भांडी मांडी, आणि ती भरून वाहू लागली की हळहळे, “एवढं पाणी वाया चाललं गं बाई!” अण्णा हसून तो शब्द उच्चारीत. आजी रागावत नसे, पण भांडीही उचलत नसे.

हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत पोचवला राम गणेश गडकऱ्यांनी. ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिलेली त्यांची ‘चिंतातुर जंतू’ ही कविता ‘वाग्वैजयंती’त आहे. गडकरी जन्मले १८८५ साली गुजरातेत नवसारीला आणि गेले १९१९ साली नागपूरजवळच्या सावनेरला. म्हणजे तेही एका अर्थी आपल्यासारखेच, काठावरचे. कवितेतला जीव एकेक तक्रार मांडतो. ऊन उजाड माळावर सांडते, झाडांना पाने फार, पुराचे पाणी फुकट वाहून जाते, जग झोपल्यावर आकाशात एवढे तारे कशाला? प्रत्येक तक्रारीला तिरकस, जवळजवळ निर्दय उत्तर मिळते. शेवटी या जंतूंना एकदाची मुक्ती दे, असे देवाकडे मागणे आहे.

दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना हा शब्द वेगळाच ऐकू येतो. संस्कृतात ‘आतुर’ म्हणजे पीडित. आयुर्वेदात तर रोग्यालाच आतुर म्हणतात. क्षुधातुर तसा चिंतातुर, चिंतेने गांजलेला. पण शाळेतल्या हिंदीत आणि आजच्या मराठीतही ‘आतुर’ म्हणजे उत्सुक. लहानपणी मी ‘चिंता करायला उत्सुक’ असाच अर्थ घेतला होता. कोशाप्रमाणे तो चूक. पण कवितेतल्या जीवाला तोच अधिक शोभतो! ‘जंतू’चेही तसेच. हिंदी कानाला त्यात साधा प्राणी ऐकू येतो. मराठी कानाला वळवळणारा किडा. गडकऱ्यांच्या उपहासाचा डंख मराठीतच नीट लागतो.

पण एक शब्द या कवितेच्या शीर्षकात नाही, आणि तो नाही हेच मला महत्त्वाचे वाटते. तो म्हणजे ‘काळजी’. मराठीत ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ ही दोन्ही वाक्ये एकाच शब्दावर उभी आहेत. शेजारच्या हिंदीत पहिलीला फिकर लागते, दुसरीला ख्याल. आपल्या भाषेने घोर आणि जपणूक एकाच काळजात ठेवली. कवितेतल्या जीवाला चिंता आहे, काळजी नाही. तो तारे मोजतो, पाने मोजतो, पण पागोळ्याखाली एक तांब्यासुद्धा ठेवत नाही. गडकऱ्यांचा फटका त्याच्या कद्रू नजरेवर आहे, आणि तो योग्यच आहे. चूक आपली. तो शब्द आपण काळजी घेणाऱ्या माणसांनाच, विशेषतः घरातल्या बायकांना, चिकटवला.

आजीचे माहेर धारचे. तिथला मुंज तलाव परमार राजा मुंजाच्या नावाचा. पुराचे पाणी फुकट जाते ही खंत त्या मुलखाला हजारभर वर्षांपूर्वीच होती. फक्त तिथे खंतीचे तळे झाले. देवासला मात्र कारखाने आले, वस्ती वाढली, कूपनलिका खोल खोल गेल्या आणि जुन्या तलावांकडे कुणी पाहिले नाही. १९९०च्या उन्हाळ्यात या शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे २००६पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली, तेव्हा कुठे वाहून जाणाऱ्या पाण्याची चिंता हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले.

ती कविता मी आजही आवडीने वाचतो. पुराच्या ओळींपाशी मात्र हसू अर्धेच येते. १९९०च्या त्या उन्हाळ्यात अण्णा बादली घेऊन रांगेत उभे होते. आजी तोवर राहिली नव्हती. घरी येऊन त्यांनी बादली हळूच खाली ठेवली, थेंबही सांडू दिला नाही. त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा पागोळ्यांखाली भांडी मांडत होते, ते अण्णाच.