सांभाळणे म्हणजे काय?

‘परंपरावादी’ हा शब्द कोणी दूषण म्हणून वापरतो, तर कोणी भूषण म्हणून मिरवतो. त्याचा अर्थ लावण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात. म्हणूनच परंपरा, श्रद्धा आणि संस्कृती यांविषयीचे ग्रंथ वसईच्या वाचकाने अवश्य वाचावेत. पण आपल्या भूमीचा अनुभव सोबत ठेवून वाचावेत.

या विचाराचा उगम बहुधा एडमंड बर्क यांच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील १७९० च्या ग्रंथात मानला जातो. समाज केवळ हयात माणसांचा नसून दिवंगतांचा आणि अजून न जन्मलेल्यांचाही आहे, ही त्यांची भूमिका मृतांसाठी मिस्सा अर्पण करणाऱ्या कॅथलिक मनाला सहज पटते. तथापि, हिंदुस्थानातील अन्यायासाठी वॉरन हेस्टिंग्ज यांना जाब विचारणारे बर्क या ग्रंथात फ्रान्समधील गरिबांच्या दुःखाविषयी तितके हळवे दिसत नाहीत. ही उणीव विसरता येत नाही.

जी. के. चेस्टरटन यांचे १९०८ चे ‘ऑर्थोडॉक्सी’ मला अधिक जवळचे वाटते. पांढरा खांब तसाच सोडला तर काळवंडतो. तो पांढरा ठेवायचा तर पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो, असे ते सुचवतात. जतन म्हणजे गोठवणे नव्हे, हे यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच कोणी सांगितले असेल.

या कसोटीवर आपला सर्वांत समर्थ ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे मराठी महाकाव्य प्रसिद्ध झाले. पुराणश्रवणात वाढलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांतून तारणाची कथा ऐकवली. श्रद्धा जुनीच, छंद मात्र इथल्या मातीचा! पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तोही ‘जतना’चाच एक प्रकार होता, पण त्यात भाषेवर आणि माणसांवर विश्वास नव्हता. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, सत्ता गेली, श्रद्धा मात्र राहिली. ती तटबंदीच्या आधाराने उभी नव्हती.

रोमन लिपीत छापलेले ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत येण्यास १९५६ साल उजाडावे लागले. एवढा काळ मराठी वाचक या ठेव्यापासून दूर राहिला. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे स्टीफन्स यांचेच कार्य पुढे नेले. त्यांना २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले, तेव्हा आपल्या घरांना आनंद झाला. २०२४ साली ते निवर्तले, तेव्हा हळहळही वाटली. पण त्यांचे बायबल किती घरांत उघडले जाते?

लग्नात लाल लुगडे आवर्जून नेसले जाते, छायाचित्रे काढली जातात, सामवेदी गाणी वाजतात. हे सारे सुंदर आहे. परंतु त्याच घरातील मुलांना मराठी शुभवर्तमानाचे एक पान अडखळल्याविना वाचता येत नसेल, तर आपण नेमके काय सांभाळले?

बर्क आणि चेस्टरटन वाचून पुस्तक मिटताना हा प्रश्न मनात राहिला, तर ते वाचन सार्थकी लागले. त्याचे उत्तर मात्र रात्रीच्या प्रार्थनेनंतर, मुलांना जवळ बसवून, मोठ्याने वाचलेल्या एका पानातच सापडेल.