एक आवाज, दोन मांडव

प्रल्हाद शिंदे यांच्यावर माझ्या वाचनात जे आलं ते बहुतेक करून पुण्यतिथीच्या निमित्तानं लिहिलेलं. ‘पहाडी आवाज’ हे विशेषण एकदा लावलं की लेख संपतो. नाट्यसंगीत आणि भावगीत यांच्या गायकीवर आपल्याकडे बारकाईनं लिहिलं गेलं. कुणी कोणती जागा कशी घेतली यावर पानंच्या पानं आहेत. इस्लापूरपासून किनवटपर्यंत मात्र ज्या आवाजाशिवाय गणपती बसत नाही आणि भीमजयंतीची मिरवणूकही निघत नाही, त्याच्या जागा मोजायला कुणी बसलं नाही. हे दुर्लक्ष नुसत्या आळसाचं नाही, असं माझं म्हणणं आहे.

शिंदे १९३३ साली मंगळवेढ्यात जन्मले आणि २३ जून २००४ रोजी गेले. (त्याच्या सव्वा महिना आधी, १५ मे रोजी, वामनदादा कर्डक गेले. एवढ्या थोड्या दिवसांत आंबेडकरी गाण्याचा एक मोठा शब्द आणि एक मोठा आवाज थांबला.) घर गरिबीचं. आईवडील कीर्तन-भजनात गाणारे, आणि पोरगा त्यांच्यासोबत. कीर्तनातून कव्वाली, कव्वालीतून भीमगीतं, आणि त्याच्या जोडीनंच विठ्ठलाची, गणपतीची गाणी. शिकलेल्या गवयाला घराणं सांगता येतं. शिंद्यांचं घराणं म्हणजे रस्ता, मांडव आणि समोर बसलेली माणसं. मुलं आनंद, मिलिंद आणि दिनकर, आणि नातवंडांत आदर्श, याच रस्त्यानं पुढं आली.

मंगळवेढ्याचा उल्लेख नुसता जन्मगाव म्हणून करून चालत नाही. चोखोबा याच गावात भिंत कोसळून दगडामातीखाली गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या बाहेर आहे. त्या गावचा, त्याच समाजातून आलेला गायक पुढं विठ्ठलाचं गाणं म्हणतो आणि ते देवळाच्या कर्ण्यावर वाजतं. आवाज आत गेला, एवढं तर खरं.

गणेशोत्सवात गल्लोगल्ली वाजणारं ‘तूच सुखकर्ता’ हरेंद्र जाधव यांनी लिहिलं. जाधव पेशानं शिक्षक, आणि भीमगीतं लिहिणारे आंबेडकरी कवी. म्हणजे दहा दिवस मांडवात जे गाणं सकाळ-संध्याकाळ लावलं जातं त्याचा कवीही आंबेडकरी आणि गायकही. आमच्या भागातल्या किती मंडळांना हे ठाऊक आहे? मी विचारून पाहिलं आहे. बहुतेकांना गायकाचं नाव येतं, कवीचं नाही. आणि पुढचा प्रश्न विचारला की माणसं विषय बदलतात.

दुसऱ्या बाजूलाही अवघडलेपण आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली तिसरी गौरी-गणपतीला देव न मानण्याची. मग चळवळीच्या गायकानं गणपतीचं गाणं का म्हणावं? ‘पोटासाठी’ हे ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही. पार्टी पोसायची, ढोलकीवाल्याला, बेंजोवाल्याला पैसे द्यायचे, तर कंपनी जे मागेल ते म्हणावं लागतं. पण पोटाचं कारण दिलं की ऐकायचं राहून जातं. एका बाजूनं त्यांना ‘भक्तिगीतवाले’ म्हणून खालच्या फळीवर ठेवलं, दुसरीनं निम्मी गाणी माफ केल्यासारखी बाजूला सारली. मला ही माफी मान्य नाही, कारण तिची गरजच नाही.

‘आता तरी देवा’ हेही जाधवांचंच. शब्द विनवणीचे आहेत. आवाज विनवणीचा नाही. देवापुढं गाणारा मराठी गळा सहसा मऊ होतो, शब्दाच्या शेवटी ओलावतो. शिंदे तसं करत नाहीत. वरच्या पट्टीत, उघड्या गळ्यानं, कव्वालीच्या सामन्यात समोरच्या पार्टीला सवाल टाकावा तसा ते देवाला सवाल टाकतात. ही याचना नव्हे, तगादा आहे. भीमगीत म्हणताना गळा हाच, फेक हीच. फरक इतकाच की तिथं देणेकरी समोर नाही, कर्ज फेडून गेलेला माणूस आहे. म्हणून तिथं त्याच पट्टीत कृतज्ञता ऐकू येते. माइक नसलेल्या मैदानात मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय लागलेला हा गळा आहे. व्यंजनं तो ठोकून म्हणतो, स्वर त्यानंतर मोकळा सोडतो. याला नुसतं ‘पहाडी’ म्हणणं म्हणजे मोट हाकणाऱ्याच्या गाण्याला ‘मोठ्या आवाजातलं’ म्हणण्यासारखं आहे.

गाण्याचे कप्पे कंपन्या पाडतात आणि समीक्षक ते पुढं चालवतात, हे इतरत्रही घडलं. अमेरिकेत १९२० च्या दशकात खेड्यातल्या गोऱ्यांचं गाणं ‘हिलबिली’ म्हणून विकलं गेलं आणि काळ्यांचं ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून. दोघांचं गाणं एकमेकांत मिसळलेलं असतानाही. त्या हिलबिलीचंच पुढं ‘कंट्री’ झालं. तिथं चार्ली प्राइड आला. जन्म १९३४, म्हणजे आपल्या शिंद्यांहून एक वर्षानं लहान. मिसिसिपीतल्या कापूस वेचणाऱ्या कुटुंबातला काळा मुलगा. १९६६ मध्ये आरसीए कंपनीनं त्याच्या पहिल्या रेकॉर्डी फोटोशिवाय रेडिओकडं पाठवल्या. लोकांना आवाज आवडला, आणि माणूस मंचावर आल्यावर टाळ्या थबकल्या. पुढं १९७१ मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेनं त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरवलं.

आपल्याकडे फोटो लपवावा लागला नाही. मी आठवडी बाजारांतून आणि बंद पडलेल्या दुकानांतून जमवलेल्या कॅसेटींच्या वेष्टनांवर बहुधा देवाचं चित्र मोठं आहे आणि गायकाचं नाव कोपऱ्यात. अमेरिकेतल्या श्रोत्याला एका क्षणी ठरवावं लागलं की या माणसाचं काय करायचं. आपल्या श्रोत्यावर तशी वेळच आली नाही. त्यानं आवाज घेतला आणि माणसाची चौकशी केली नाही. काहींना यात सलोखा दिसतो. मला तो फार स्वस्तात मिळालेला सलोखा वाटतो.

सगळंच गाणं सारखं उतरलं आहे असंही नाही. कॅसेटींचा धंदा तेजीत आल्यावर एकाच साच्याच्या चालींवर गाणी भरली गेली, आवाजावर प्रतिध्वनीचा एवढा थर चढवला की शब्दांची धार बोथट झाली. उत्तम शिंदे ऐकायचे तर जुनी ध्वनिमुद्रणं शोधावीत, जिथं टाळी, ढोलकी, पेटी आणि गळा यांच्यामध्ये दुसरं काही नाही.

गावातल्या एका साउंडवाल्याकडं मी त्याचा पेनड्राइव्ह उघडून पाहिला. ‘गणपती’, ‘भीमजयंती’, ‘लग्न’, ‘मयत’ असे चार फोल्डर होते. पाचवा होता ‘प्रल्हाद’. पहिल्या दोहोंतली शिंद्यांची गाणी त्यानं तिथून काढून या पाचव्यात ठेवली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “दोनदा शोधावं लागायचं, साहेब.”