‘गूस’ म्हणणाऱ्याला अर्धा गुण

जयपूरच्या मालवीय नगरात गच्चीवर बसलं की सांगानेरला उतरणारी विमानं दिसतात. पण ती ओळखण्यात आता गंमत उरलेली नाही. पंखांखाली दोन इंजिनं, मागे एक शेपूट. एअरबस की बोइंग, एवढाच काय तो प्रश्न. म्हणून आमच्या इथल्या मराठी मंडळींचा डाव जुन्या फोटोंवर रंगतो. नाव झाकायचं, आणि ओळखेल त्याने पुढचं कोडं घालायचं.

सगळ्यांत रसाळ कोडी मिळतात ती गोव्यात, बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन लगेच ओळखू येतं, ते तीन शेपट्यांमुळे. एकच उंच शेपूट दिली असती तर तेव्हाच्या हँगरात विमान शिरलं नसतं. म्हणून तिची उंची तिघींत वाटून दिली.

खरा कस लावतं ते शॉर्ट सीलँड. आपल्या नौदलाच्या हवाई शाखेत १९५३ साली आलेलं हे पहिलं विमान पाण्यावरही उतरे, जमिनीवरही. जगात जेमतेम पंचवीस बनली, त्यांतली दहा आपण घेतली. पोट होडीचं, पंख वरच्या अंगाला, पंखांखाली तरंगे. पहिलं उत्तर हमखास येतं: ‘ग्रुमन गूस!’ अशा वेळी इंजिनाचं तोंड पाहावं. गूसचं गोल गरगरीत, कारण त्यातले सिलिंडर वर्तुळात मांडलेले. सीलँडचं निमुळतं, कारण जिप्सी क्वीनचे सहा सिलिंडर एका रांगेत, एकामागे एक.

ब्रेगे अलिझे त्याहून खट्याळ. नाकावर एक पंखा, शिवाय दोन्ही पंखांतून पुढे आलेली फुगीर नळकांडी. इंजिनं म्हणावीत, तर त्यांना पंखेच नाहीत! तिथे चाकं दुमडून ठेवतात, आणि पुढच्या भागात पाणबुडीची चाहूल घेणारे सोनोबॉय. एके काळी विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडणाऱ्या या पाणबुडीशिकाऱ्याचं सगळं काम त्या फुगवट्यांत वाचता येतं. कुणी ‘फेअरी गॅनेट’ म्हणालं, तर नाक पुन्हा दाखवायचं: गॅनेटला एकापुढे एक दोन पंखे, उलटसुलट फिरणारे.

कुणी कधी न पाहिलेलं विमान काढून सगळ्यांना गप्प करणं सोपं असतं. कोडं घालणाऱ्याचं कसब आहे ते नेमकं जुळं हेरण्यात, म्हणजे चुकणाराही नीट पाहून चुकतो. म्हणूनच आमच्याकडे ‘गूस’ म्हणणाऱ्याला अर्धा गुण मिळतो.