तीन देश आणि एक रकाना

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी एक कोष्टक तयार करून आणले. दक्षिण आशियातील अस्पृश्यांची स्थिती, असा त्याचा विषय. कोष्टकात तीन ओळी होत्या. भारत, २०११ : १६.६ टक्के. नेपाळ, २०११ : सुमारे १३ टक्के. पाकिस्तान, २०१७ : ०.४ टक्के. खाली निष्कर्ष होता : पाकिस्तानात जातिव्यवस्था जवळजवळ नष्ट झालेली आहे.

तिन्ही आकडे खरे होते. त्या त्या देशाच्या जनगणनेतूनच घेतलेले होते. निष्कर्ष मात्र साफ खोटा होता. मुलगा हुशार आणि कष्टाळू आहे. त्याच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच, जसा माझ्या घरात मी. 'चूक' एवढा शेरा मारून वही परत करणे मला पटेना, कारण ही चूक त्याच्या एकट्याची नव्हती. देशोदेशींच्या सरकारी पाहण्या एका साच्यात बसविण्याची जी रीत आज प्रतिष्ठित झाली आहे, तिच्यातच या चुकीचे मूळ आहे.

या रीतीला अभ्यासक चलांचे सुसूत्रीकरण म्हणतात. प्रत्येक देशाचे प्रश्न वेगळे, उत्तरांचे प्रकार वेगळे. त्यांची तुलना करता यावी म्हणून सर्वांना समान असे रकाने आखायचे आणि प्रत्येक देशाची उत्तरे त्यांत बसवायची, असे हे काम आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा 'आयपम्स इंटरनॅशनल' हा प्रकल्प १९९९ पासून ते करीत आला आहे. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या काही फेऱ्याही तेथे आहेत. शिक्षणाच्या रकान्यात तेथे चार मुख्य पायऱ्या ठेवल्या आहेत : प्राथमिकही पूर्ण नाही, प्राथमिक पूर्ण, माध्यमिक पूर्ण, विद्यापीठीय पूर्ण. सांकेतिक क्रमांकाचा पहिला अंक सर्व देशांना सारखा, पुढचे अंक त्या देशाच्या तपशिलाचे. कोठे तुलना लंगडी पडते, याच्या टिपाही ही मंडळी प्रामाणिकपणे जोडतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. वय, लिंग, शाळेची वर्षे यांबाबत हे काम उपयोगाचेच आहे. माझा प्रश्न जातीपुरता आहे.

प्रथम पाकिस्तान घेऊ. तेथील जनगणनेत 'शेड्यूल्ड कास्ट' हे शब्द आढळतात ते धर्माच्या रकान्यात. मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू (जाती) आणि त्यांच्याच पंक्तीत शेड्यूल्ड कास्ट. ज्या देशाचे पहिले कायदेमंत्री जोगेंद्रनाथ मंडल होते आणि १९५० साली राजीनामा देऊन ज्यांना भारतात यावे लागले, त्या देशाने १९५७ साली चाळीस जातींची यादी केली. मेघवार, भील, कोल्ही अशा हिंदू समाजांची नोंद या रकान्यात होते. पंजाबात पिढ्यान्‌पिढ्या झाडूकाम करणारी कुटुंबे ख्रिस्ती झाली. ती ख्रिस्ती म्हणून मोजली जातात. मुसलमानांतील खालच्या गणलेल्या बिरादऱ्या मुसलमान म्हणून. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा ०.४ हा आकडा जातीचा नव्हताच. धर्म विचारला असता जे 'शेड्यूल्ड कास्ट' म्हणून नोंदले गेले, त्यांचा तो आकडा होता. पुढे २०२३ च्या जनगणनेत याच रकान्यातील माणसे साडेआठ लाखांवरून साडेतेरा लाखांच्या घरात गेली. सहा वर्षांतली ही वाढ काही नुसत्या जन्मांची असू शकत नाही.

नेपाळात नेमके उलट आहे. तेथे जात आणि जमात यांचा एक स्वतंत्र रकाना आहे आणि तो सर्वांसाठी भरला जातो. २०११ साली त्यात १२५ समूह होते, २०२१ साली १४२ झाले. 'मुसलमान' हाही तेथे त्याच रकान्यातला एक समूह आहे. एका देशात जात धर्माच्या रकान्यात जाऊन बसली, तर दुसऱ्या देशात धर्म जातीच्या रकान्यात. हे दोन रकाने एकमेकांवर कसे ठेवायचे?

आणि आपण? आपल्याकडे अनुसूचित जात ही सरकारी यादी आहे. १९५० च्या आदेशाने ती मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. त्याचा परिणाम महाराष्ट्राच्या आकड्यांत पाहा. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ साली ते सुमारे २८ लाख झाले. त्या वर्षी राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ५.६ टक्के दिसते. १९८१ साली ७.१ आणि १९९१ साली एकदम ११.१. त्या दहा वर्षांत वस्त्या दुपटीने वाढल्या नाहीत. १९९० ची दुरुस्ती झाली. मधली तीस वर्षे आमची माणसे त्याच वेशीबाहेर राहत होती, फक्त आकड्यात नव्हती. आपल्याच दोन सरकारी साधनांतही मेळ नाही. जनगणना यादी आणि धर्म पाहून अनुसूचित जात लिहिते. नमुना पाहणी घरच्यांनी सांगितले ते लिहून घेते.

फेब्रुवारी २०११ मध्ये मी बी. ए.ला होतो. आमच्या वस्तीत प्रगणक म्हणून शाळेचे एक गुरुजी आले. वडिलांनी धर्म सांगितला : बौद्ध. गुरुजींनी जातीचे नाव विचारले. वडील गप्प राहिले. मग म्हणाले, "ती माझ्या बापानं छप्पन साली नागपुरात सोडली, गुरुजी." गुरुजी चांगले होते. म्हणाले, "दादा, नाव सांगितलं नाही तर अनुसूचित जातीत धरता येणार नाही." पोरांच्या शिष्यवृत्तीचा विचार वडिलांच्या मनात आला असणार. त्यांनी हलक्या आवाजात नाव सांगितले आणि उठून आत गेले. मोजले जाण्यासाठी टाकून दिलेले नाव पुन्हा तोंडाने उच्चारावे लागते, ही वेदना कोणत्याही सांकेतिक क्रमांकात येत नाही. ती यावी अशी माझी अपेक्षाही नाही. पण त्या क्रमांकामागे हा संवाद आहे, एवढे तरी तुलना करणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकी सरकारच्या मदतीने १९८४ साली सुरू झालेल्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांच्या प्रमाणित आराखड्यात धर्म आणि वांशिकता असे दोन रकाने ठेवलेले होते. नेपाळच्या जाती वांशिकतेत गेल्या. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील अनुसूचित जातीची नोंद मात्र समान रकान्यांत न येता, देशापुरत्या खास चलांत राहिली. जात म्हणजे धर्म, जात म्हणजे वंश, किंवा जात म्हणजे एका देशाची खासगी बाब, असे तीन निवाडे येथे रकाने आखतानाच होऊन जातात. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधातच मांडले होते.

वांशिकतेचा रकाना समूहांना शेजारी शेजारी उभे करतो. जात मात्र एकावर एक रचलेली आहे. बाबासाहेब तिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत. वरच्याविषयी आदर आणि खालच्याविषयी तुच्छता, असे तिचे चलन. वरची पायरी न मोजता खालची तेवढी मोजली, तर जात दिसणार नाही, फक्त दलित दिसतील. आणि दलित कोणाला म्हणायचे हे प्रत्येक राज्यसंस्था आपल्या सोयीने ठरवीत असल्यामुळे आकडाही तिच्या सोयीने फुगेल वा आटेल.

म्हणून तुलनाच नको, असे मी म्हणणार नाही. २००१ साली डर्बनच्या परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. तुलना ही आपलीच गरज आहे. पण समान धरायचे ते काय? नावे आणि याद्या देशागणिक बदलतात. विटाळ पाळण्याचे वर्तन सीमा ओलांडूनही ओळखू येते. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात हा प्रयोग झाला. ते सरकारी नव्हते. दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि मेरिलँड विद्यापीठ यांनी ते केले. तुमच्या घरात अस्पृश्यता पाळतात का, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला वा त्याने भांडी वापरली तर चालेल का, असे त्यात विचारले गेले. २७ टक्के कुटुंबांनी पाळतो असे मान्य केले. हा प्रश्न काठमांडूत विचारता येईल, लाहोरात विचारता येईल, ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतही विचारता येईल. त्याला कोणाची यादी लागत नाही. तो विटाळ सोसणाऱ्याला विचारायचा नसून पाळणाऱ्याला विचारायचा आहे.

२०२७ च्या जनगणनेत सर्वांची जात मोजण्याचे सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. १९३१ नंतर असे प्रथमच घडणार आहे. त्यावरून वाद रंगतो आहे तो बहुतेक संख्येचा. संख्या हवीच. परंतु कोणता प्रश्न, कोणाला आणि कोणत्या रकान्यात, याविषयी आपल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आताच बोलले पाहिजे. छापून आलेल्या कोष्टकावर नंतर कितीही लेख लिहिले तरी रकाना बदलत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने आपले कोष्टक पुन्हा लिहिले. आकडे तेच ठेवले, निष्कर्ष खोडला आणि प्रत्येक ओळीपुढे एक नवा रकाना जोडला : 'कोणाला, काय विचारले होते?' पाकिस्तानपुढे तो भरता भरता त्याची चार पाने झाली. मी त्याला म्हटले, आता ही तुझी प्रबंधिका.