गरुडपुराणांतील यमाची वाट

दोन वर्षांपूर्वीं माझे थोरले बंधू वारले आणि रिवाजाप्रमाणें दहा दिवस आमच्या घरीं गरुडपुराण वाचलें गेलें. ज्याचें आयुष्य इंग्रजी काव्य शिकविण्यांत गेलें त्या माझ्यासारख्या माणसानें हा ग्रंथ लहानपणीं दाराआडून ऐकलेला, आणि पुढें कॉलेजांत गेल्यावर अडाण्यांची भीति म्हणून टाकून दिलेला. या वेळीं मात्र शास्त्रीबुवांच्या समोर माझ्या वहिनी बसल्या होत्या, आणि त्या मनापासून ऐकत होत्या. नवऱ्याच्या वियोगानें आधींच खचलेल्या स्त्रीला हें ऐकवावें काय, असा प्रश्न मला पडला. तो सोडविण्याकरितां मीं ग्रंथ पुन्हां वाचला.

घरोघर ‘गरुडपुराण’ म्हणून पुष्कळदां वाचला जातो तो नौनिधिरामकृत सोळा अध्यायांचा ‘सारोद्धार’ होय. त्यांत नरकांची संख्या ८४ लक्ष सांगितली असून त्यांपैकीं २१ घोर म्हणून निवडले आहेत. भागवताचा पांचवा स्कंध २८ नरकांवर थांबतो. संख्येचा हा हव्यासच या भागाचें मोठें वैगुण्य आहे. अमुक पापाला अमुक यातना, अशी जंत्री पिनल कोडाच्या कलमांसारखी पुढें पुढें सरकते. आणि त्या लक्षावधि पाप्यांत एकालाहि नांव नाहीं, चेहरा नाहीं, आवाज नाहीं. पहिल्या दहा यातनांनीं अंगावर कांटा येतो, पुढच्या दहांनीं मन बधिर होतें. ज्याला कोणी ओळखत नाहीं, त्याच्या दुःखानें वाचक किती वेळ कळवळणार?

इटालियन कवि डांटे याचें बळ नेमकें येथेंच आहे. सन १३२१ मध्यें वारलेल्या या कवीच्या नरकाचीं वर्तुळें अवघीं नऊ. पण तेथें भेटणारीं माणसें त्याच्या गांवचीं, त्याच्या ओळखीचीं आहेत. पंधराव्या सर्गांत त्याला आपला वृद्ध गुरुतुल्य ब्रुनेत्तो लातिनी अग्निवर्षावाखालीं तापलेल्या वाळूंत चालतांना दिसतो. डांटे बांधावरून खालीं उतरण्यास धजत नाहीं. मस्तक नम्र करून तो बरोबरीनें चालतो, बोलतो, ऋण मान्य करतो, आणि पुढें निघून जातो. विसाव्या सर्गांत तर दंडितांची कींव आली म्हणून व्हर्जिल त्याला खडसावतो. तीस वर्षें मीं हा प्रसंग वर्गांत शिकविला, आणि दर वर्षीं त्या बांधाशीं माझें मन अडखळलें.

बांध ओलांडणारा पुरुष आपल्या महाभारतांत आहे. स्वर्गारोहणपर्वांत युधिष्ठिर स्वर्गीं पोंचतो तों तेथें वैभवांत बसलेला दुर्योधन दिसतो, भावांचा मात्र पत्ता नाहीं. देवदूत त्याला एका दुर्गंधीच्या, रक्तमांसाच्या चिखलाच्या वाटेनें नेतो. किळस येऊन तो मागें वळतो. तोंच अंधारांतून आवाज येतात, क्षणभर थांब, तुझ्या येण्यानें गार वारा आला! तो विचारतो, तुम्ही कोण? उत्तरें येतात, कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी. तेव्हां तो देवांना आणि प्रत्यक्ष धर्माला दोष देऊन दूताला सांगतो कीं तूं जा, मी येथेंच राहणार. यांत नरकाचें वर्णन कितीसें? पण नरक म्हणजे काय तें मला याहून अधिक कोणी सांगितलेलें नाहीं. पुढें इंद्र येऊन हें सर्व क्षणांत नाहींसें होतें आणि ती माया होती असें कळतें. युधिष्ठिरासाठीं मला आनंद होतो. काव्यासाठीं होत नाहीं.

मग सुतकाच्या घरीं हेंच पर्व कां वाचूं नये? शास्त्रीबुवांपाशीं हा विषय काढावा असें मीं ठरविलेंहि होतें. परंतु गरुडपुराणांत नरकाच्या अगोदर एक वाट आहे, आणि तिच्याकडे माझें दुर्लक्षच झालें होतें. दहा दिवसांच्या पिंडांनीं मृताचा देह घडतो. तेराव्या दिवशीं तो यमदूतांबरोबर एकटा निघतो. वाट ८६,००० योजनांची, रोजची मजल २४७ योजनांची, मध्यें सोळा गांवें. सौम्यपुरीं नदीकांठीं एक मोठा वड आहे. त्याच्याखालीं तो टेकतो आणि बायकामुलांच्या आठवणीनें रडतो. दूत त्यालाहि खडसावतात. येथें जंत्रीकाराचा क्षणभर कवि झाला आहे. शिवाय या वाटेवरच्या माणसाला घरच्यांकडून कांहीं पोंचतें, असें ग्रंथ सांगतो: पाण्याचें भांडें, छत्री, पायांत घालावयास जोडा. डांटेच्या दंडितांना असा जोडा कोणीं पाठविल्याचें मला आठवत नाहीं.

एकवीस नरकांच्या अध्यायाला वहिनींना डुलकी लागली होती, हें मीं पाहिलें. वाटेच्या अध्यायाला त्या ताठ बसल्या होत्या. त्या रात्रीं त्यांनीं मला एवढेंच विचारलें, “भावजी, उन्हाचे चालत असतील का हो?” दुसऱ्या दिवशीं दानासाठीं म्हणून मुलानें बाजारांतून जोडा आणला. तो त्यांनीं हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि परत पाठविला. बंधूंच्या पायाला तो एका बोटानें लहान होता.