सवयीचं गणित आणि पीजेचं वेळापत्रक

आयोजकांनी विषय दिला आहे 'रोजच्या सवयी आणि यश'. सवयी कशा लावाव्यात हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर कशाला? सवयी शिकवणाऱ्या पुस्तकांशी मला थोडं भांडायचं आहे, तेवढं ऐकून घ्या.

तीनेक वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शेंदुर्णीकडचा, शेतकऱ्याघरचा. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा राहिला होता. हातात जेम्स क्लिअर यांचं 'ॲटॉमिक हॅबिट्स', ओळीओळीखाली पेन्सिलीच्या रेघा. म्हणाला, "सर, माझ्या सवयीतच खोट आहे." आणि मी, तेहतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, काय म्हणालो? "दिनचर्या सुधार." तो "हो सर" म्हणून गेला. मग मी ते पुस्तक आणून वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

पुस्तक वाईट नाही, हे आधी सांगतो. २०१८ साली आलं, जगभर खपलं. लहान सुरुवात करा, फोन दूर ठेवा, पुस्तक डोळ्यांसमोर ठेवा, हे सगळं उपयोगाचं आहे. पण त्यातला तो प्रसिद्ध हिशोब बघा. रोज एक टक्का सुधारणा केली की वर्षात माणूस सदतीस पट होतो. १.०१ चा ३६५ वा घात काढा, ३७.७८ येतो, गणित बरोबर आहे. आता ते अभ्यासाला लावून बघा. आज एक तास अभ्यास करणारा मुलगा रोज एक टक्का वाढवत गेला, तर वर्षअखेरीस दिवसाला सदतीस तास अभ्यास करील! (हशा) लेखकाला हे कळत नाही असं नाही, तो ते समजावण्यासाठी सांगतो. पण अभ्यासिकेत बसलेला मुलगा ते आश्वासन म्हणून वाचतो, आणि सदतीस पट झालं नाही की दोष स्वतःच्या खात्यावर टाकतो.

हे पुस्तक परिस्थितीबद्दलही बोलतं. फक्त ती परिस्थिती म्हणजे टेबल, फ्रीज, फोन. आपण हलवू शकतो अशा वस्तू. माझ्या विद्यार्थ्याची परिस्थिती कोणती होती? पाचोरा–जामनेर नॅरोगेज, आपली पीजे. सकाळी पीजेनं यायचं, इथल्या अभ्यासिकेत बसायचं, संध्याकाळी परत. डब्यातसुद्धा वाचायचा. मार्च २०२० मध्ये करोनात गाड्या थांबल्या, आणि पीजे थांबली ती थांबलीच. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप, तो महिनोन् महिने चालला. मग कापूस वेचणीला घरी माणूस कमी, म्हणून हा शेतात. त्याची सवय मोडली खरी. पण ती त्याच्या एकट्याच्या डोक्यात कुठं होती? निम्मी रेल्वेच्या वेळापत्रकात होती.

सवयीवर बोलणारे विल्यम जेम्सचं नाव घेतात. १८९० च्या त्याच्या मानसशास्त्राच्या ग्रंथात सवयीवर मोठं प्रकरण आहे. त्यात तो एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो: कोळ्याला समुद्रावर आणि खाणकामगाराला अंधारात धरून ठेवणारी शक्ती सवयच आहे, आणि गरिबांच्या उठावापासून श्रीमंतांना वाचवते तीही सवयच. यशाच्या पुस्तकांत हा भाग सहसा येत नाही. सवयीनं माणूस वर जातो तसा जागच्या जागी गाडलाही जातो.

दुसरं नाव ॲरिस्टॉटलचं. आपल्या एका अभ्यासिकेच्या भिंतीवर त्याच्या नावानं वाक्य लिहिलेलं आहे, उत्कृष्टता म्हणजे सवय, अशा अर्थाचं. मंडळी, ते वाक्य ॲरिस्टॉटलचं नाही. विल ड्युरँट यांनी १९२६ च्या 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी'मध्ये त्याचा विचार मांडताना स्वतः लिहिलेलं आहे. ॲरिस्टॉटलही सरावाला मोठं स्थान देतो, पण अट घालतो: सद्गुणी कृती करताना माणसानं ती जाणून करावी, त्या कृतीसाठीच निवडावी, आणि ती त्याच्या पक्क्या स्वभावातून यावी. नुसतं रोज केलं, एवढ्यावर तो पास करत नाही.

रोज करण्याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अमळनेर इथून काही फार लांब नाही. साने गुरुजी तिथं तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले, आणि १९२४ पासून १९३० पर्यंत प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहाचं काम पाहताना त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवलं. हस्तलिखित! दिवसभर शिकवायचं, मुलांचं हवं-नको बघायचं, आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाचा मजकूर लिहायचा. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' नऊ तारखेला सुरू झाली आणि तेरा तारखेच्या सकाळी संपली. पाच दिवस! लोक याला प्रतिभेचा चमत्कार म्हणतात. मला त्यामागे त्या दैनिकानं वळण लावलेला हात दिसतो. हे माझं अनुमान आहे, मान्य नसेल तर सोडून द्या.

पण त्या दैनिकामागे गुरुजी लेखक म्हणून यशस्वी व्हायचं बघत नव्हते. सकाळी मुलं वाचतील, म्हणून लिहीत होते. वाट पाहणारं कुणीतरी होतं. सवयीच्या तक्त्यावर रोज फुली मारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याची वाट कोण बघत होतं? फक्त निकाल. आणि यशाचीच पट्टी लावायची, तर ११ जून १९५० ला स्वतःहून जग सोडलेल्या गुरुजींना या पुस्तकांनी कोणत्या रकान्यात बसवायचं?

त्या मुलानं आता गावात संध्याकाळी पाचवी-सहावीच्या पोरांना गणित शिकवायला सुरुवात केली आहे, असं कळलं. एक दिवस गेला नाही तर पोरं घरी बोलवायला येतात म्हणे. परीक्षेला पुन्हा बसणार की नाही, विचारलं नाही. मी अजून त्याच्याकडे गेलेलो नाही, जायचं आहे. चला, वेळ झाली. प्रश्न असतील ते विचारा.