संगीत सौभद्र : प्रयोगपरंपरा व प्रतींचा प्रश्न

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत सौभद्राचा प्रयोगेतिहास सांगणारे लेख, आठवणी व स्मरणिका मराठींत विपुल आहेत. त्यांपैकीं बहुतेकांची मांडणी एकाच ठशाची असते. प्रथम अण्णासाहेबांची थोरवी, मग भाऊराव कोल्हटकरांचा आवाज, मग बालगंधर्वांचें रूप, आणि शेवटीं 'आतां तें वैभव राहिलें नाहीं' हा उद्गार. या लेखनांतील भक्तिभावाशीं आमचें भांडण नाहीं. आमचा आक्षेप त्याच्या बुडाशीं असलेल्या एका गृहीतावर आहे. अण्णासाहेबांनीं एक सौभद्र रचिलें, तें शुद्ध होतें, आणि पुढील प्रत्येक पिढीनें काटछांट व भर करून तें बिघडविलें, असें हें गृहीत आहे. तें साधनांच्या कसोटीस उतरत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्याच्यापायीं साधनेंच नष्ट होतात, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें पुढें देत आहों.

ज्ञात तारखांपासून आरंभ करूं. संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहांत झाला. तो सात अंकांचा नव्हता. पहिल्या चार अंकांचाच होता. सौभद्राचेंही तसेंच. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं पूर्णानंद नाटकगृहांत पुणेकरांनीं जें सौभद्र पाहिलें तें तीन अंकांचें. पांचही अंकांचें नाटक १८८३ सालीं रंगभूमीवर आलें. मग मूळ सौभद्र कोणतें म्हणावयाचें? प्रेक्षकांपुढें पहिल्यानें आलेलें तीन अंकांचें, कीं मागाहून पुरें झालेलें पांच अंकांचें? नाटककार स्वतःच नट, तालीम देणारा व मंडळीचा चालक असल्यामुळें नाटक लिहिणें व नाटक बसविणें हीं दोन कामें त्याच्या हातीं निराळीं नव्हतींच. भाऊराव कोल्हटकर मंडळींत आले ते याच १८८२ सालीं, आणि सुभद्रेची भूमिका त्यांच्या वांट्यास आली. पुढें अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजीं निवर्तले. म्हणजे पूर्ण सौभद्र त्यांच्या डोळ्यांदेखत तीन वर्षेंही चाललें नाहीं. उरलेलें शतकाहून अधिक आयुष्य त्यानें कर्त्यावांचून काढिलें आहे.

प्रतींची चिकित्सा हा आमच्या वाचकांचा नित्याचा व्यासंग असल्यामुळें येथें एक तुलना उपयोगी पडेल. सुभद्राहरणाची कथा आदिपर्वांतली. त्या पर्वाची चिकित्सित आवृत्ति डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९३३ सालीं पुरी केली. तींतील मुख्य संहितेंत अर्जुन रैवतकाच्या उत्सवांत सुभद्रेस पाहतो व कृष्णाच्या संमतीनें तिला रथांत घालून नेतो. यतिवेष धारण करून द्वारकेस राहणारा अर्जुन तींत नाहीं. तो आहे दाक्षिणात्य प्रतींतील वाढीव भागांत व भागवताच्या दशम स्कंधांत. बलरामाच्या मनांत सुभद्रा दुर्योधनास द्यावयाची होती हेंही भागवतांतलेंच. आणि घटोत्कचाकरवीं सुभद्रेस पळविण्याची युक्ति तर आदिपर्वांतही नाहीं. सारांश, संपादकानें जो भाग प्रक्षिप्त म्हणून बाजूस सारिला, त्याच कथाभागावर आमचें सर्वांत लोकप्रिय संगीत नाटक उभें आहे. प्राचीन संहितेच्या संपादकाचें धोरण चूक होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रंगभूमीच्या इतिहासकारास तें धोरण जसेंच्या तसें उसनें घेतां येणार नाहीं. प्राचीन ग्रंथाचा संपादक प्रक्षेप गाळून मुळाकडे जातो; प्रयोगाच्या इतिहासकारास प्रक्षेप व गळती हींच खरीं साधनें होत. कोणतें पद केव्हां गळलें, कोणतें केव्हां लांबलें, हें कळल्यावांचून प्रयोगेतिहास लिहिला गेला असें म्हणतां येत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. सौभद्रांत शंभरावर पदें आहेत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणी, कीर्तनांतल्या व कानडी पदांच्या चाली असा त्यांचा वाण आहे. त्यांतील पुष्कळ पदें लहान असून संवादाचें काम करतात. पात्र बोलतां बोलतां गातें व गातां गातां पुन्हां बोलूं लागतें. पुढें अभिरुचि पालटली. १९११ मध्यें गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिलेलें मानापमान व १९१६ मध्यें भास्करबुवा बखले यांनीं चाली दिलेलें स्वयंवर हीं नाटकें आलीं, आणि नाट्यगीत रागदारीच्या अंगानें विस्तारूं लागलें. गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गन, सारंगी व अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ असे. नव्या गायकीची संवय झालेला प्रेक्षक जुन्या सौभद्रासही तेंच मागूं लागला व 'वन्समोअर' देऊं लागला. याचा परिणाम साध्या हिशेबाचा आहे. एक पद पांच मिनिटांचें पंधरा मिनिटें झालें कीं त्याच रात्रीं दुसरीं दोनतीन पदें सोडावीं लागतात. पुढें रात्रभर चालणारे प्रयोग तीनचार तासांवर आले, तेव्हां ही गळती आणखी वाढली.

गळालें काय? बहुधा साक्या, दिंड्या व लहान पदें; म्हणजे कथानक पुढें नेणारा भाग. राहिलें काय? गायनास अवसर देणारीं पदें. येथें आम्ही जुन्या मताच्या अभिमान्यांशीं अंशतः सहमत आहों. सौभद्र हें कृष्णाच्या कारस्थानाचें विनोदी नाटक आहे. त्या कारस्थानाचे धागे तुटले कीं बैठकीचें गाणें उरतें, नाटक उरत नाहीं. ही हानि खरी आहे. परंतु ती केव्हां व कोणाच्या हातून झाली, एकदम झाली कीं हळूहळू, हें तारीख असलेल्या प्रयोगप्रतींवांचून सिद्ध होत नाहीं. निव्वळ स्मरणाच्या आधारें एखाद्या नटास वा मंडळीस दोष देणें म्हणजे कागद न पाहतां निवाडा करणें होय.

शिवाय हा इतिहास केवळ ऱ्हासाचाही नाहीं. नाटकाचें केंद्र नटाबरोबर सरकत गेलें आहे. भाऊरावांनीं व पुढें बालगंधर्वांनीं सुभद्रेस मध्यभागीं आणिलें. १९२१ च्या ८ जुलै रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं मानापमानाचा संयुक्त प्रयोग केला. त्याच वर्षीं सौभद्राचाही तसा प्रयोग झाला. दोन मंडळ्यांत निरनिराळ्या वळणानें चालत आलेलें नाटक तेथें एका रात्रीं एका रंगमंचावर जुळवावें लागलें. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर सुभद्रा होऊन आल्या, आणि पुरुषांनीं घडविलेली ही भूमिका स्त्रीच्या गळ्यांत आली. त्यानंतर छोटा गंधर्वांनीं आपल्या गायनानें कृष्णास असें महत्त्व दिलें कीं पुष्कळांस सौभद्र म्हणजे कृष्णाचें नाटक वाटूं लागलें. १९४९ मध्यें जयराम व जयमाला शिलेदार यांनीं स्थापिलेल्या मराठी रंगभूमि या संस्थेनें बोलपटानंतरच्या काळांत तें चालतें ठेविलें. पांच अंकांत इतक्या निरनिराळ्या नटांस जागा सांपडावी हा नाटककाराच्या रचनेचा गुण आहे, आणि तो बदलत्या प्रयोगांवरूनच सिद्ध होतो. छापील पुस्तकावरून नव्हे.

आतां साधनांविषयीं. गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' (१९४०), टेंबे यांचा 'माझा जीवनविहार' (१९४८) हे ग्रंथ बहुमोल आहेत. परंतु ते उतारवयांतील आठवणींचे आहेत, रोजनिशा नव्हेत. ध्वनिमुद्रिकांवरही बेतानेंच विसंबावें. भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं वारले. हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचें पहिलें ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास झालें. म्हणून अमुक चाल 'हुबेहूब भाऊरावांची' असें कोणी सांगितलें तर तें गुरुपरंपरेचें प्रमाण समजावें, ध्वनीचें नव्हे. पुढील गायकांच्या मुद्रिका आहेत, पण एका बाजूस तीनएक मिनिटेंच मावत. रंगभूमीवर तें पद किती चाले हें त्यांवरून ठरत नाहीं.

श्री. ना. बनहट्टी यांच्या मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा पहिला खंड १९५७ सालीं निघाला. तो १८७९ पाशीं, म्हणजे किर्लोस्करांच्या उंबरठ्यावर, थांबतो. त्यापुढील काळाचें काम तशाच काटेकोरपणानें व्हावयाचें तर साधनें हवींत. तीं नाटक मंडळ्यांच्या पेट्यांत होतीं : प्रॉम्प्टरची प्रत, नटास त्याच्या भाषणांपुरती उतरून दिलेली नक्कल, तालीममास्तरांची पदांची वही, गांवोगांवच्या जाहिराती, जमाखर्चाची खतावणी. १९३२ नंतर मराठी बोलपट आले, मंडळ्या एकामागून एक मोडल्या, आणि या पेट्या नटांच्या व व्यवस्थापकांच्या वारसांकडे किंवा रद्दीवाल्याकडे गेल्या. त्यांतून जें हातीं येतें त्याची निवडही शुद्धतेच्या कल्पनेनेंच होते. पहिल्या आवृत्तीचें स्वच्छ पुस्तक संग्राहक जपून ठेवितो. तांबड्या पेन्सिलीनें खोडलेली, समासांत 'हें पद सोडावें' असें लिहिलेली, तेलकट डागांची दहावी आवृत्ति तो टाकून देतो. आमच्या मतें या दोहोंत प्रयोगेतिहासाच्या दृष्टीनें दुसरीच अधिक मोलाची.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच. अशी प्रत मिळाल्यास खुणा पुसूं नयेत, नवी बांधणी करून समास छाटूं नयेत, सुटे कागद वेगळे करूं नयेत. कोणत्या घराण्याकडून व कोणत्या गांवीं मिळाली तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. एका खुणेवरून कांहीं सिद्ध होत नाहीं. पण दहा प्रती शेजारीं ठेविल्या, त्यांच्याबरोबर जाहिरातींवरील तारखा व खतावणींतील नटांचीं नांवें ताडून पाहिलीं, म्हणजे कोणतें पद कोणत्या मंडळींत कधीं बंद पडलें हें सांगतां येईल. सौभद्र कोणीं बिघडविलें व कोणीं तारिलें या वादाचा निकाल तेव्हां लागेल. तोंपर्यंत दोन्ही पक्षांनीं आपला शब्द जपून वापरावा हें बरें.